वाळूतले मूळ रहिवासी



राजाजीनगरापासून समुद्र दूर आहे. तरी किनाऱ्यावरच्या वाळूत आढळणाऱ्या एका कीटकाची ओळख बंगळुरूतही होऊ शकते. पाऊस न पोहोचणाऱ्या वळचणीखालच्या मऊ धुळीत नरसाळ्यासारखे लहान खड्डे दिसतात. त्यांच्या तळाशी मुंगीसिंहाची अळी दबा धरून बसलेली असते. मुंगी कडेवरून घसरली की अळी डोक्याने धूळ उडवते. उतार ढासळतो आणि मुंगी थेट जबड्यात सापडते. पुढे याच अळीपासून चतुरासारखा दिसणारा नाजूक पंखांचा कीटक तयार होतो.

गोव्यातील मोरजी, मांद्रे येथील वाळूच्या टेकड्या दुपारी ओसाड भासतात. पृष्ठभागावर अनवाणी उभे राहवत नाही. हातभर खाली मात्र गारवा आणि ओल असते. म्हणून तेथील अनेक जीव दिवस बिळात काढतात आणि रात्री बाहेर पडतात. वाळूच्या रंगाचा चपळ खेकडा कल्ले ओले ठेवण्यासाठी लाटांपर्यंत जातो, मेलेली मासळी खाऊन किनारा स्वच्छ करतो आणि संधी मिळाल्यास कासवाची पिल्लेही पकडतो. वाळूत उड्या मारणारे इवलेसे कवचधारी जीव लाटांनी आणलेले शेवाळ फस्त करतात.

मर्यादावेल आणि ‘रावणाच्या मिशा’ हे गवत उडती वाळू अडवते. त्यातूनच टेकडी उभी राहते. मर्यादावेलीच्या जांभळट फुलांवर मधमाश्या येतात. त्यांच्या फेऱ्यांतून बी धरते. वादळात हीच टेकडी आपली वाळू लाटांना देते आणि मागच्या वस्तीला वाचवते.

किनारा नियमन क्षेत्राच्या 1991 च्या अधिसूचनेने वाळूच्या टेकड्यांत फेरफार करण्यास मनाई केली. 2011 च्या अधिसूचनेने त्यांना सर्वाधिक संरक्षित वर्गात स्थान दिले. तरीही ‘मोकळी जागा’ म्हणून टेकडी सपाट केली जाते, वाळूवरून वाहने धावतात आणि चाकांखाली बिळे दबतात. कागदावरचे संरक्षण बिळापर्यंत पोहोचवणे माणसाच्याच हाती आहे.

मे महिन्यात कोकण-गोव्याकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी वेल तुडवू नये, बीळ उकरू नये. सायंकाळी दूर, शांत बसावे. थोड्याच वेळात ओसाड वाटणाऱ्या त्या वाळूतून तिचे मूळ रहिवासी एकेक करून बाहेर येतील.