शेरीफ : नेमणारा कोण, हिशेब घेणारा कोण?



मागच्या हिवाळ्यात आमच्या महाविद्यालयातल्या मुलांचे श्रमदान-शिबिर एका खेड्यात होते. एके दिवशी रात्री मुलांनी देवळासमोरच्या पटांगणात पडदा बांधला आणि एक इंग्रजी चित्रपट दाखवला. घोडी, धूळ, पिस्तुले, आणि छातीवर पत्र्याची चांदणी लावलेला एक उंच माणूस. माझ्याशेजारी घोंगडी पांघरून एक आबा बसले होते. थोडा वेळ पाहून त्यांनी मला विचारले, "मास्तर, हा चांदणीवाला कोण? फौजदार म्हणायचा का?"

मी म्हणालो, "आबा, हा शेरीफ."

"शरीफ? मग मारामाऱ्या कशाला करतोय?" असे म्हणून ते हसले. मग जरा थांबून म्हणाले, "बरं, याला नेमलं कुणी? आन् याचा हिशेब कोण घेतं?"

आता पाहा, मी इतकी वर्षे इतिहास शिकवतो, परीक्षेला प्रश्न काढतो. पण शेरीफ या पदाचा हजार वर्षांचा इतिहास ज्या दोन प्रश्नांत बसतो, ते दोन प्रश्न मला आबांनी दिले. नेमले कुणी, आणि हिशेब कोण घेते? आज आपण त्यांच्याच मागे जाणार आहोत.

प्रथम शब्दाचा उलगडा करू. 'शरीफ' हा शब्द अरबी, म्हणजे कुलीन, सज्जन. 'शेरीफ' हा अस्सल इंग्रजी. जुन्या इंग्लंडात 'शायर' म्हणजे परगणा आणि 'रीव्ह' म्हणजे कारभारी. 'शायर-रीव्ह' हा शब्द लोकांच्या तोंडी झिजत झिजत 'शेरीफ' झाला. म्हणजे नुसता परगण्याचा कारभारी. कुणी म्हणेल, मग हा आपल्याकडच्या देशमुखासारखा असेल. पण तसे नाही. देशमुखाचे वतन असे, ते बापाकडून मुलाकडे जाई. शेरीफ हा मुळात राजाचा नोकर, राजा ठेवील तोवर राहणारा. पेशवाईतल्या मामलेदाराशी त्याची तुलना जास्त जुळेल.

इ. स. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले, तेव्हा हे पद तिथे होतेच. नव्या राजाला ते फार सोयीचे वाटले. परका मुलूख, परकी भाषा; प्रत्येक परगण्यात आपला एक खंबीर माणूस हवा. म्हणून विल्यमने आपले बडे सरदार शेरीफ केले. त्यांच्या हाती काय काय दिले ते ऐका. राजाचा वसूल गोळा करणे, परगण्याचे न्यायालय भरवणे, राजाचा किल्ला सांभाळणे, गुन्हेगार पकडून बंदीखान्यात घालणे. शिवाय हाकारा देण्याचा अधिकार. दरोडा पडला, कैदी पळाला, की शेरीफने हाक द्यावी आणि धडधाकट पुरुषांनी हातचे काम टाकून त्याच्यामागे धावावे. या जमावाचे इंग्रजीतले नाव 'पॉसी'. हा शब्द ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

वसुलाची रीत तर आपल्या ओळखीची आहे. परगण्याचा आकडा ठरलेला असे. तेवढी रक्कम शेरीफने राजाच्या तिजोरीत भरायची, वर जे उरेल ते त्याचे. यालाच आपण मक्ता म्हणतो. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती अशाच मक्त्याने दिल्या गेल्या आणि रयतेचे काय झाले ते आपल्या आजे-पणज्यांनी सांगून ठेवले आहे. मक्तेदार तिकडचा असो की इकडचा, गाय दुभती आहे तोवर पिळायची, वासराचे वासरू बघेल, हीच त्याची रीत. वसूल करणारा तोच, न्याय देणारा तोच आणि कैदेत टाकणाराही तोच. मग शेतकऱ्याने दाद कुठे मागायची?

मात्र राजाला एक गोष्ट पक्की ठाऊक होती : शेरीफ माझेही बुडवील. म्हणून त्याने हिशेबाची एक व्यवस्था बसवली. वर्षातून दोनदा, ईस्टरच्या सुमारास आणि सप्टेंबरअखेर, शेरीफने राजाच्या अधिकाऱ्यांपुढे हजर व्हायचे. दहा फूट लांब, पाच फूट रुंद असे मेज. त्यावर चौकटी-चौकटींचे कापड, थेट बुद्धिबळाच्या पटासारखे. चौकटींत सोंगट्या मांडून येणे किती, भरले किती, हे सर्वांच्या डोळ्यांदेखत मोजायचे. या पटावरूनच तिजोरीच्या खात्याला 'एक्सचेकर' हे नाव पडले आणि ब्रिटनचा अर्थमंत्री अजूनही त्याच नावाने ओळखला जातो. पावती म्हणजे खाचा पाडलेली लाकडी पट्टी. ती मधोमध उभी चिरून एक अर्ध शेरीफकडे, एक सरकारकडे. दोन्ही अर्धे जुळवले की लबाडी तिथल्या तिथे उघडी पडे. अक्षरशत्रू माणसालाही कळेल असा हा दाखला! गंमत अशी की, या पट्ट्या शेकडो वर्षे साठत गेल्या आणि १८३४ साली त्या जाळायला घेतल्या, तेव्हा आग भडकून लंडनचे पार्लमेंटगृहच जळाले.

पण हा हिशेब राजाचा झाला. रयतेचा कुठे झाला? राजाला त्याचा आकडा मिळाला की तो खूश. तो आकडा कुणाच्या घरातले धान्य ओढून भरला, याची चौकशी त्या पटावर नव्हती.

रयतेच्या बाजूने पहिली मोठी चौकशी झाली ती ११७० साली. दुसरा हेन्री राजा बरीच वर्षे फ्रान्समध्ये होता. परत आला तो तक्रारींचा ढीग समोर. त्याने परगण्या-परगण्यांत माणसे पाठवली : शेरीफने कुणाकडून काय घेतले, कोणत्या कारणाने घेतले, ते विचारा. परिणाम असा झाला की बहुतेक शेरीफ पदावरून गेले. पुढे ११९४ साली 'कॉरोनर' नावाचा दुसरा अधिकारी नेमला गेला आणि गंभीर गुन्ह्यांची नोंद त्याच्याकडे गेली. एकाच माणसाच्या हातातली एक किल्ली दुसऱ्याच्या हाती गेली.

मग आला जॉन राजा आणि १२१५ सालचा मॅग्ना कार्टा, म्हणजे राजाकडून लिहून घेतलेली मोठी सनद. शिक्षकबंधूंनो, ही सनद आपण स्वातंत्र्याचा पाया म्हणून शिकवतो आणि ते बरोबरही आहे. पण तिची कलमे वाचून पाहा, त्यांत शेरीफ पुन्हा पुन्हा भेटतो. शेरीफने राजद्रोहासारखे मोठे खटले चालवू नयेत. शेरीफने कुणा स्वतंत्र माणसाची घोडी किंवा गाडी त्याच्या संमतीवाचून नेऊ नये. ज्याला देशाचा कायदा ठाऊक आहे आणि जो तो पाळील, अशालाच शेरीफ नेमावे. एका कलमात तर राजाच्या मर्जीतल्या परदेशी माणसांना काढून टाका म्हणून नावनिशीवार लिहिले आहे. त्यांत फिलिप मार्क हे नाव आहे. हा नॉटिंगहॅमचा शेरीफ. रॉबिनहुडच्या गोष्टीतला दुष्ट शेरीफ तुम्ही ऐकला असेल. रॉबिनहुड दंतकथेतला, पण त्या परगण्यातला शेरीफ लोकांना नकोसा झाला होता, ही गोष्ट कागदावर आहे.

सगळेच शेरीफ असे होते, असे मात्र समजू नका. १२१६ साली जॉन राजाने लिंकनशायरची शेरीफ म्हणून एका बाईची नेमणूक केली. निकोला द ला हे तिचे नाव. वयाने उतारकडे झुकलेली विधवा. दुसऱ्याच वर्षी बंडखोरांनी आणि फ्रेंचांनी वेढा दिला असता तिने लिंकनचा किल्ला झुंजवून राखला.

यापुढची कथा म्हणजे एकेक किल्ली काढून घेण्याची. १३४० साली कायदा झाला की शेरीफ एका वर्षाहून अधिक काळ पदावर राहू नये. १३६१ पासून गावोगावचे न्यायाधीश, 'जस्टिस ऑफ द पीस', छोटे खटले पाहू लागले. लष्कर दुसऱ्याकडे गेले. एकोणिसाव्या शतकात पगारी पोलीस आले. इंग्लंडात परगण्याचा शेरीफ आजही आहे. वर्षभराचे, बिनपगारी, मानाचे पद. राजा किंवा राणी चर्मपत्रावरच्या यादीतल्या नावाला दाभणासारख्या अणकुचीदार सळईने भोक पाडून त्याची निवड करते. कधीकाळी परगणा थरथर कापायचा, त्या पदाची खूण आता एवढे एक भोक!

हेच पद जहाजातून अमेरिकेला गेले आणि तिथे त्याने वेगळे वळण घेतले. तिथल्या लोकांनी ठरवले की शेरीफ राजाने का नेमायचा? आम्ही निवडू. आज अमेरिकेत तीन हजारांहून अधिक शेरीफ आहेत आणि बहुतेक राज्यांत ते मतदानाने निवडले जातात. तुरुंग त्यांच्याकडे, गुन्ह्याचा तपास त्यांच्याकडे, कोर्टाचे समन्स बजावणेही त्यांच्याकडे. तो चित्रपटातला चांदणीवाला याच जातीचा. न्यू मेक्सिकोतल्या लिंकन परगण्याचा शेरीफ पॅट गॅरेट याने १८८१ साली बिली द किड नावाच्या कुप्रसिद्ध गुंडाला गोळी घातली आणि तेव्हापासून शेरीफ हा गोष्टीचा नायक झाला.

तुम्ही म्हणाल, चला, आबांच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मिळाली. नेमले लोकांनी, हिशेबही लोकच घेतात. थांबा. लोक म्हणजे कोण?

अलाबामा राज्यात सेल्मा नावाचे गाव आहे. १९६५ साली तिथल्या परगण्याचा शेरीफ होता जिम क्लार्क. रीतसर निवडून आलेला. पण परगण्यातल्या काळ्या लोकांपैकी मतदारयादीत नाव असलेले इतके थोडे की शंभरात दोन-तीन. नाव नोंदवायला कचेरीच्या पायऱ्यांवर रांग लावली की शेरीफची माणसे त्यांना हुसकावीत, पकडून नेत. ७ मार्च १९६५ रोजी सुमारे सहाशे काळे स्त्री-पुरुष शांतपणे चालत गावाबाहेरच्या पुलावर आले. समोर राज्याचे पोलीस आणि त्यांच्याबरोबर शेरीफची घोड्यावरची 'पॉसी'. होय, तीच ती पॉसी, चोर पकडायला जमवायची. ती आता मत मागणाऱ्यांवर सोडली होती. लाठ्या चालल्या, अश्रुधूर सुटला, बायामाणसांची डोकी फुटली. हे सारे देशाने दूरचित्रवाणीवर पाहिले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मतदानाच्या हक्काचा कायदा झाला, हजारो नावे यादीत चढली आणि १९६६ च्या निवडणुकीत जिम क्लार्क पडला. ज्यांना त्याने पायऱ्यांवरून हाकलले, त्यांनीच त्याचा हिशेब घेतला.

मुंबईतही शेरीफ होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १७२६ च्या सनदेने इंग्रजांनी मुंबई, मद्रास आणि कलकत्ता येथे मेयरची न्यायालये स्थापली, त्यांच्याबरोबर हे पद आले. कोर्टाचे हुकूम बजावणे हे त्याचे काम. पुढे ते नामांकित नागरिकाला वर्षभरासाठी मिळणारे मानाचे पद झाले. डॉ. भाऊ दाजी लाड १८६९ आणि १८७१ असे दोनदा मुंबईचे शेरीफ होते. १९८० साली तो मान अभिनेते दिलीपकुमार यांना मिळाला. नागरिकांना जाहीर सभा हवी असली की त्यांनी शेरीफकडे अर्ज करावा आणि त्याने सभा बोलवावी, अशी चाल होती. हाक देण्याचा तोच जुना अधिकार. पण इथे ती दंडुक्यासाठी नव्हती, विचारविनिमयासाठी होती.

त्या रात्री पडदा गुंडाळला गेल्यावर मी आबांना हे सगळे थोडक्यात सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हणजे चांदणी छातीवर लावली, तरी यादी आपल्या हातात पाहिजे."

शिक्षकबंधूंनो, मुलांना सनावळ्या जरूर पाठ करायला लावा. पण त्यांच्यासोबत आबांचे दोन प्रश्नही द्या. आणि गावकरी मंडळींनो, ग्रामसभेची दवंडी पिटली, सूचना लागली, की त्या दिवशी रानातले काम घटकाभर बाजूला ठेवून तिथे जाऊन बसा. शेरीफ नसेल तिथे. पण वहीखाते असेल. ते उघडून वाचून दाखवा, एवढे म्हणायला आपल्याला कुणा राजाची परवानगी लागत नाही.