रायफल शेवटी घ्या
(दहावी १९९६ च्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



समितीने मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि प्रश्न एकच दिला आहे. आपण जमवलेल्या वर्गणीतून शाळेला नेमबाजीची कोणती रायफल घेऊन द्यावी? माझं उत्तर आधीच सांगून टाकते, म्हणजे मागे बसलेल्यांना चहाकडे वळता येईल. रायफल शेवटी घ्या. आधी काय घ्यायचं, त्यासाठीच ही पंधरा मिनिटं.

हा विषय निघाला तो १ ऑगस्ट २०२४ ला. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ घेतलं. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राला मिळालेलं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यात तो तेव्हा मध्य रेल्वेत टीसी होता, म्हणजे भुसावळच्या लोकांनी त्याला लगेच आपला करून टाकला. त्या रात्री आपल्या ग्रुपवर मी आमच्या घरच्या टेबलाचा फोटो टाकला. आमची लेक चार वर्षं पुण्यात १० मीटर एअर रायफल खेळते आहे आणि तिच्या सामानाचं खातं माझ्याकडे आहे. फोटोत वजनकाटा होता, व्हाइस होता, छोट्या कप्प्यांच्या ट्रेमध्ये शिशाचे छर्रे मांडलेले होते. त्यावर आपल्यातल्याच एकीचा लगेच प्रश्न आला, "तू घरीच काडतुसं भरते का वं?"

नाही. पण प्रश्न चांगला होता, कारण आपल्या तालुक्यात बंदूक म्हटलं की डोळ्यापुढे नेमबाजी येतच नाही. सीमेवरच्या उमर्टीचं नाव आपण लहानपणापासून गावठी कट्ट्याच्या बातमीतच वाचलं. ज्या आईवडिलांची मुलं या खोलीत नेम धरायला येणार आहेत, त्यांच्या डोक्यात हेच चित्र असणार. म्हणून आधी फरक सांगते.

काडतूस म्हणजे चार वस्तू: पितळी टोपण, त्याच्या बुडाशी ठिणगी देणारी कॅप, आत दारू आणि तोंडाशी गोळी. आपल्या जिल्ह्यात हे व्यवस्थित, सरकारी शिस्तीत बनतं. वरणगावचा कारखाना १९६४ पासून लष्करासाठी लहान शस्त्रांची काडतुसं बनवतो, आणि पुण्यात खडकीचा कारखाना तर १८६९ चा. घरी मात्र हे चालत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं पाचवं कलम परवान्याशिवाय दारूगोळा बनवू देत नाही, आणि उडवलेल्या टोपणात पुन्हा दारू भरणं हेही बनवणंच झालं. शाळेत एनसीसीच्या कॅम्पहून आलेली मुलं सांगायची ते आठवत असेल, पॉइंट टू टू चा प्रत्येक रिकामा खोका मोजून परत द्यावा लागायचा. ते टोपण तर पुन्हा भरताही येत नाही. त्याची ठिणगीची दारू बुडाच्या कडेत असते आणि पिन मारल्यावर ती कड चेपते.

अमेरिकेत हा रीतसर छंद आहे. ऑफिसच्या कामाने टेक्सासला गेले होते तेव्हा एका सहकाऱ्याने आपलं गॅरेज दाखवलं. एका भिंतीला जाड लाकडी टेबल, त्यावर बोल्टने घट्ट बसवलेला हाताचा प्रेस. रिकामं टोपण घ्यायचं, जुनी कॅप काढायची, टोपण साच्यातून ओढून मूळ मापावर आणायचं, नवी कॅप बसवायची, दारू मोजून घालायची, गोळी दाबायची. एका वेळी एकच काम करणारा प्रेस आणि दांडा ओढला की सगळी कामं एकदम करणारा प्रेस, असे दोन प्रकार असतात. नवशिके दुसऱ्यावर भाळतात. याने दहा वर्षं पहिलाच ठेवला होता. मला आवडलं ते वेगळंच. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. वजनकाट्याशेजारी तपासणीचं वजन, काम सुरू करण्याआधी काटा त्यावर पडताळायचा. टोपणं ठोकळ्यात उभी करून वरून बॅटरी मारायची, म्हणजे एखाद्यात दोनदा दारू पडली असेल तर दिसते. प्रेसच्या किमतीची चर्चा त्याने केलीच नाही. म्हणाला, आधी काटा आणि छापील पुस्तक घेतलं, प्रेस नंतर आला.

ऑफिसमध्ये आम्ही हेच करतो. आधी चाचणी लिहितो, मग कोड. त्यामुळे ते गॅरेज मला परकं वाटलं नाही. त्याचा काटा मात्र मी जसाच्या तसा उचलला नाही, आणि इथे थोडं गणित सांगितल्याशिवाय राहवत नाही. (गणिताच्या सरांनी कान झाकावेत.)

एअर रायफलीत दारू नसते, दाबलेली हवा असते. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ०.१७७ इंचापर्यंतच्या नळीची आणि २० जूलपर्यंत जोर असलेली हवेची बंदूक परवान्याशिवाय घेता येते. स्पर्धेच्या रायफलीचा जोर आठ जूलच्या आसपास असतो. छर्रा साडेचार मिलिमीटरचा, वजन साधारण ०.५३ ग्रॅम. जळगावच्या सराफाला सांगायचं तर साडेचार गुंजांना थोडा कमी. तो सेकंदाला १७० मीटरच्या आसपास सुटतो, म्हणजे दहा मीटरला सुमारे सहा शतांश सेकंद लागतात आणि तेवढ्यात तो १७ मिलिमीटर खाली येतो. आता समजा एक छर्रा दुसऱ्याहून एक टक्क्याने, म्हणजे पाच मिलिग्रॅमने जड आहे. तो थोडा हळू जाईल आणि सतरा शतांश मिलिमीटर जास्त खाली लागेल. निशाणावरचा दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर आहे, आणि गुण दशांशात मोजतात तेव्हा एका दशांशाची पट्टी पाव मिलिमीटरची. म्हणजे एवढा जड छर्राही एक दशांश पूर्ण खात नाही. मी अडीच हजारांचा मिलिग्रॅम काटा घेऊन एका डब्यातले पाचशे छर्रे तोलले होते, आणि पाच मिलिग्रॅमने वेगळे निघालेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. टेक्सासच्या गॅरेजात काटा जीव वाचवतो. आमच्या टेबलावर तो दोन-चार दबलेले छर्रे शोधून देतो, आणि ते डोळ्यांनीही दिसतात.

याउलट रायफल धरणाऱ्या हाताचं बघा. पुढची माशी मागच्या साइटपासून साधारण ऐंशी सेंटिमीटरवर असते. ती फक्त ०.२ मिलिमीटर हलली, नखाच्या जाडीपेक्षा कमी, तर निशाणावर छर्रा अडीच मिलिमीटर सरकतो आणि दहाचा नऊ होतो. पैसा कुठे घालायचा हे इथेच ठरतं.

मग टेबलाचा उपयोग काय? व्हाइसचा. तोंडाला लाकूड आणि जाड फेल्ट लावून रायफल त्यात घट्ट धरायची, म्हणजे माणसाचा हात वजा होतो. (नळी थेट चिमट्यात धरायची नाही, लाकडी बाजू धरायची. आणि समोर छर्रे अडवायची पेटी असल्याशिवाय तर काहीच नाही.) छर्ऱ्यांचे डबे वेगवेगळ्या डोक्याच्या मापात येतात, ४.४९, ४.५०, ४.५१ असे. प्रत्येक नळीला एखादंच माप मानवतं, आणि ते कोणतं हे नळीच सांगते. प्रत्येक मापाचे पाच छर्रे मारून 'हा चांगला' म्हणणारे पुष्कळ भेटतात. पाचांवर माझा विश्वास नाही, योगायोगानेही पाच जवळ पडतात. आम्ही प्रत्येकी तीस मारतो, कागद तारीख घालून वहीत चिकटवतो. महागडा डबा आमच्या रायफलीला नको होता, मधल्या किमतीचा हवा होता, हे त्या वहीने सांगितलं. वहीची किंमत चाळीस रुपये.

बाकी टेबलावर काय असतं? नळी पुसायची फेल्टची बोंडं, स्क्रू ठरावीक जोराने आवळणारा पेचकस, आणि हवेचा सिलिंडर. सिलिंडरबद्दल दोन वाक्यं जास्त. त्यात २०० बार दाब असतो. गाडीच्या टायरमध्ये सव्वादोन असतो, त्याच्या जवळजवळ नव्वद पट. सिलिंडरवर तारीख कोरलेली असते आणि बनवणाऱ्याने सांगितलेली मुदत संपली की तो बाजूला ठेवायचा, दिसायला कितीही नवा असला तरी. सेकंडहँड रायफल स्वस्तात मिळाली म्हणून आनंद करण्याआधी ही तारीख वाचा. आणि छर्रे शिशाचे असतात. आमच्याकडे त्या टेबलावर चहाचा कप ठेवत नाही, खेळ संपला की साबणाने हात, आणि पेटीभोवतालची फरशी ओल्या फडक्याने पुसायची, झाडूने धूळ उडवायची नाही.

पुण्यातल्या फ्लॅटमध्ये दहा मीटर सरळ जागा कुणाकडे असते? आमचा पॅसेज सात मीटरचा. तिथे आम्ही छर्रा भरतच नाही. निशाण सात दशांशाने छोटं छापतो, साडेतीस मिलिमीटरचा काळा गोल साधारण एकवीसचा करतो, आणि लेक रोज अर्धा तास रिकामी रायफल धरून घोडा ओढते. तिचे गुण वाढले ते या अर्ध्या तासाने. यात दाराला कडी आणि रायफलीच्या नळीत रंगीत दोरी, एवढाच खर्च.

आता शाळा. समितीपुढे परदेशी रायफलीचं कोटेशन आहे, काही लाखांचं. एक रायफल, आणि नेमबाजीला नाव दिलेली मुलं चाळीस. यात दोन वर्षांत काय होईल? दोन मुलं खेळतील, अडतीस बघतील, आणि एखादं वॉशर गेलं की रायफल पुण्याला किंवा मुंबईला पाठवून सहा महिने वाट बघायची. माझं म्हणणं, देशी बनावटीच्या, हाताने दाब भरायच्या साध्या रायफली दोन घ्या, त्याही सगळ्यात शेवटी. त्या बिघडल्या तर आपल्या तालुक्यात पंपाची मोटर उघडणारा फिटरही निदान वॉशर ओळखेल. आधी लोखंडी कपाट, दोन कुलपांचं, एक किल्ली मुख्याध्यापकांकडे, दुसरी क्रीडाशिक्षकांकडे. छर्रे वेगळ्या कपाटात. मग छर्रे अडवणाऱ्या तिरक्या पत्र्याच्या पेट्या, या आपल्याच एमआयडीसीत बनतील. डोळ्यांचे चष्मे, हवेचा छर्रा डोळा घालवू शकतो. मग टेबल, व्हाइस, आणि प्रत्येक मुलाला एक वही. कपाट आणि पेट्या आल्या की पहिले तीन महिने एखादी मागून आणलेली रायफल रिकामी धरून सराव होऊ द्या. जे मूल तीन महिने रिकामा घोडा ओढायला टिकतं, त्याच्या हातात छर्रा द्यायला हरकत नाही.

एनसीसीत रिकामे खोके मोजायचे, तसे इथेही डबा उघडताना आणि मिटताना छर्रे मोजायचे. कुणाच्या खिशातून छर्रा घरी जाता कामा नये. उमर्टीच्या बातम्या वाचणाऱ्या पालकांना आपण भाषणापेक्षा हे रजिस्टर दाखवावं.

शेवटी खोलीबद्दल, कारण ते काम पैशाआधीचं आहे. काल संध्याकाळी क्रीडाशिक्षकांसोबत मी हस्तकलेच्या जुन्या दोन खोल्यांना टेप लावला. मधलं लाकडी पार्टिशन काढलं तर लांबी १३ मीटर २० सेंटिमीटर भरते. दहा मीटर निशाणापर्यंत, बाकी उभं राहायला आणि मागे चालायला. जागा पुरेशी आहे. पण निशाणाकडच्या भिंतीत सायकल स्टँडकडे उघडणारं दार आहे, तेच, ज्यातून आपण प्रार्थना चुकवून आत यायचो. मुलं अजूनही त्याच दारातून ये-जा करतात, कालच दोघं आली. ते दार आतून विटांनी बंद होईपर्यंत या खोलीत एकही छर्रा उडू नये, असं मी समितीला लेखी दिलं आहे. दार बंद करण्याचा, पार्टिशनचा आणि कपाटाचा खर्च वेगळ्या कागदावर मांडला आहे. चहाच्या टेबलाजवळ ठेवते, ज्यांना बघायचा आहे त्यांनी बघावा. छर्ऱ्यांचा एक डबाही आणला आहे. हात लावलात तर वड्याला हात घालण्याआधी धुवा.