बटण मावशींनाच दाबू द्या

आज कर्जहप्त्यांचं बोलणार नाही. माझी एक चूक सांगणार आहे.

आमच्या बचत गटातल्या एका मावशींना दिसत नाही. मागे एकदा मतदानाला मी त्यांची सोबती म्हणून गेले. फॉर्मवर सही केली, त्यांनी चिन्ह सांगितलं, बटण मी दाबलं. मला वाटलं, केवढी मदत केली! वाटेत मावशी हळूच म्हणाल्या, "बाई, मी सांगितलं तेच दाबलंस ना गं?" तेच दाबलं होतं. पण त्यांची खात्री कशी पटावी?

मग चौकशी केली. मशीनवर बटणांशेजारी ब्रेलमध्ये आकडे असतात. ब्रेलमधली नमुना मतपत्रिकाही केंद्रावर मागता येते. मावशींना ब्रेल येत नाही. म्हणून पुढच्या विधानसभेआधी आम्ही पुठ्ठ्यावर ओळीनं मोठ्या टिकल्या चिकटवल्या आणि उमेदवारांची यादी क्रमानं वाचून दाखवली. कुणाला देणार, ते विचारलं नाही. मावशी दुपारी एकट्याच बोटानं टिकल्या मोजत बसायच्या.

मतदानाच्या दिवशी मी त्यांना मशीनपाशी सोडलं आणि मागे सरले. वेळ लागला. रांगेतले एक दादा चुळबुळ करू लागले. करू देत! मग मशीनचा तो लांब आवाज आला.

ज्यांना बटण दाबणं जमतच नाही, त्यांना सोबती नेता येतो. सोबती १८ वर्षांपुढचा हवा आणि त्या दिवशी एकाच मतदाराचा. मत गुप्त ठेवीन, असं त्याला लिहून द्यावं लागतं. तेव्हा चौघींना मीच नेते, असं कुणी म्हणू नका.

लोकसभा-विधानसभेला ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचा दाखला असेल तर घरूनही मत देता येतं. त्यासाठी १२-डी फॉर्म अधिसूचनेपासून ५ दिवसांत भरायचा. मुदत चुकते ती इथेच, म्हणून बीएलओंना आधीच गाठा. पण घरून मत मंजूर झालं की केंद्रावर देता येत नाही. व्हीलचेअर हवी असेल तर १९५० नंबरवर सांगा.

मावशींच्या सुनेनं परवा विचारलंच, "आत्या, कुणाला दिलं हो?"

मावशी म्हणाल्या, "तू सांगतेस का तुझं?"