चिठ्ठीवर ‘चालणे’ लिहावे



रावेरच्या केळीबागांतून एके काळी शेतकरी पाण्याच्या पाळीसाठी रात्री-अपरात्री बांधावरून चालत असे. आज ठिबकने पाणी जाते, मळ्यापर्यंत मोटारसायकल जाते आणि पंप घरबसल्या मोबाइलवरून सुरू होतो. कष्ट हलके झाले, हे चांगलेच झाले; पण त्यांच्यासोबत पायांचे चालणेही गेले. ताट मात्र तेवढेच राहिले.

मधुमेह एका रात्रीत येत नाही. उपाशीपोटी रक्तशर्करा १०० ते १२५ असणे, हा अमेरिकी मधुमेह संघटनेच्या निकषानुसार त्याचा उंबरठा. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे १३.६ कोटी लोक या उंबरठ्यावर आहेत. त्यांना काही दुखत नाही, खुपत नाही. म्हणूनच ते स्वस्थ बसतात. सडपातळ माणसानेही निश्चिंत राहू नये. बाह्यतः कृश दिसणाऱ्या भारतीय शरीरात चरबीचे प्रमाण अधिक असू शकते, हे पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने जगापुढे आणले.

उंबरठ्यावरून परतता येते काय? चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ सालच्या अभ्यासात ५३१ जणांवर सुमारे तीन वर्षे लक्ष ठेवले गेले. केवळ सर्वसाधारण सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. आहार-व्यायामाचे सातत्याने मार्गदर्शन लाभलेल्यांत हे प्रमाण सुमारे ३९ टक्के राहिले. याचे कारण साधे आहे. काम करणारा स्नायू रक्तातील साखर स्वतःच ओढून घेतो. सुश्रुताचार्यांनीही प्रमेहाच्या रुग्णाला दूरवर पायी चालण्यास, गाईंमागे फिरण्यास, विहीर खणण्यास सांगितले आहे.

खरी अडचण दवाखान्यात आहे. “आबा, साखर थोडी वाढली आहे, फिरत जा,” असे डॉक्टर सांगतात आणि ते शब्द दारातच विरून जातात. न्यूझीलंडमध्ये १९९८ पासून डॉक्टर व्यायाम औषधासारखा लिहून देतात. आपल्या आरोग्य केंद्रांतही तिशीपुढील स्त्री-पुरुषांची साखर तपासण्याची योजना आहे. त्या तपासणीनंतर चिठ्ठीवर स्पष्ट लिहावे: ‘मळ्यापर्यंत पायी, झपझप, अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस.’ पुढच्या भेटीत गोळ्यांप्रमाणेच चालण्याचीही चौकशी व्हावी. खानदेशच्या उन्हाळ्यात सूर्योदयापूर्वी निघावे. एकटीला संकोच वाटत असेल, तर चार शेजारणींनी मिळून निघावे. छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

“दिवसभर राबतो, वेगळा व्यायाम कशाला?” असे कोणी म्हणेल. जो खरोखर राबतो, त्याने राबणे सोडू नये. प्रश्न आहे तो मोटारसायकलवरून बागेत जाऊन सावलीत उभे राहणाऱ्यांचा, दुकानाच्या गादीवर आणि कचेरीच्या खुर्चीवर दिवस काढणाऱ्यांचा. घरात एकाला मधुमेह जडला की औषधांचा खर्च साऱ्या कुटुंबाच्या माथी येतो. पायवाटेला मात्र पैसा पडत नाही. तीवर उद्या पहाटेच पाऊल पडावे.