वाघ, शेळ्या आणि फाडलेली वही
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



‘मुलांचे खेळ’ या विषयावर दोन शब्द बोलावेत अशी मला आज्ञा झाली आहे. त्याआधी एक कबुली देते.

माझा धाकटा मुलगा पाचवीत असताना गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर चित्रविचित्र प्राणी काढीत असे. घोरपडीच्या अंगाला घुबडाचे डोके, बैलाला पंख, असले काहीतरी. खाली बारीक अक्षरात लिहिलेले असे, ‘ताकद ९०. आग ओकतो. पाण्याला भितो.’ परीक्षा तोंडावर आलेली. एके संध्याकाळी मी ती पाने टराटरा फाडली आणि पाणी तापविण्याच्या चुलीत घातली. तो रडला नाही. रडला असता तर बरे झाले असते. त्यानंतर त्याने पेन्सिल धरली ती अभ्यासापुरती. उरलेला वेळ मोबाईलमध्ये डोके. तेथेही तसलेच प्राणी होते, फक्त ते दुसऱ्याने काढलेले होते.

पुढे उन्हाळ्याची सुट्टी आली. आपला फाटा कसा आहे, तुम्ही जाणताच. नांदेडकडून आलेला रस्ता येथे फुटतो, एक हिंगोलीकडे, एक हदगाव-उमरखेडवरून नागपूरकडे. रात्रंदिवस मोठ्या गाड्या. मुलांना दारापुढे सोडायची सोय नाही. सासूबाईंनी एका दुपारी कोळशाने ओट्यावर वाघबकरीचा पट काढला. शेंड्यावरून चार रेघा पायथ्याच्या रेघेपर्यंत सोडल्या, त्यांवरून तीन आडव्या रेघा दोन्हीकडे थोड्या बाहेर काढल्या, आणि त्यांची टोके जोडून टाकली. घरे झाली २३. घरात हळद शिजवून वाळत पडली होती, तेव्हा तीन हळकुंडे झाली वाघ आणि पंधरा चिंचोके झाले शेळ्या.

वाघ शेळीवरून उडी मारून पलीकडच्या रिकाम्या घरात गेला की शेळी मेली. शेळीला उडी नाही, दात नाहीत. तिने फक्त पाठीशी दुसरी शेळी उभी ठेवायची, म्हणजे वाघाला उतरायला जागा राहात नाही. वाघ हलेनासे झाले की शेळ्या जिंकल्या. मुलाने अर्थातच वाघ घेतले. चार शेळ्या खाऊन तो मिशीवर ताव देऊ लागला, आणि सासूबाईंनी उरलेल्या अकरांत तिन्ही वाघ कोंडले. तो बराच वेळ पटाकडे पाहात राहिला. मग म्हणाला, “आजी, पुन्हा.”

आठवड्याभरात गल्लीतली सात-आठ लेकरे जमू लागली. एके दिवशी तो म्हणाला, “हा वाघ नाही, घुबडवाघ आहे. हा दोन घरे उडतो.” मी चुलीपाशी होते. ‘घुबड’ ऐकून मला त्या पानांची आठवण झाली, पण बोलले नाही. मग काय, प्रत्येकाचा प्राणी वरचढ! एकाचा मरतच नाही, दुसऱ्याचा सगळा पट जाळतो. भांडण पेटले. शेजारची एक चिमुरडी कंबरेवर हात ठेवून म्हणाली, “मरतच नाही तर खेळायचं कशाला?”

इतके शहाणपण मला सुचले नसते. मुलांनीच नेम केला की जेवढी ताकद, तेवढी उणीव लिहायची. सासूबाईंनी त्या रात्री हिरण्यकशिपूची गोष्ट सांगितली. दिवसा मरण नाही, रात्री नाही. घरात नाही, बाहेर नाही. माणसाकडून नाही, पशूकडून नाही. देवाने वर मोडला नाही. वराच्या फटीतून वाट काढली, तिन्हीसांजेला, उंबऱ्यावर, अर्धा सिंह होऊन. दुसऱ्या दिवशी एकाने जाहीर केले की आपला मगरतोंड्या जमिनीवर मरत नाही आणि पाण्यात मरत नाही. त्या चिमुरडीने तांब्याभर पाणी अंगणातल्या मातीत ओतले, त्याची सोंगटी त्यात ठेवली आणि म्हणाली, “ही जमीन नाही, पाणीबी नाही. चिखल हाय.”

आपण म्हणतो, हे परदेशी खूळ आहे. पोकेमॉन १९९६ साली जपानात निघाला हे खरे. त्याचा कर्ता सातोशी ताजिरी लहानपणी किडे गोळा करीत असे, त्यातून त्याला ती कल्पना सुचली. पण आपल्या जुन्या देवळांच्या उंबऱ्यांवर धड नसलेले कीर्तिमुख आहे, पन्हळीला मकर आहे, किल्ल्यांच्या दारांवर शरभ आहेत. ते कोणाच्या तरी डोक्यातूनच निघाले ना? सावंतवाडीची दशावतारी गंजिफा नणंदेने मला दाखविली. १२० गोल पाने, दहा अवतारांचे दहा रंग. त्यात मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह. दिवसा रामाच्या पानाने डाव उघडायचा, रात्री कृष्णाच्या. कोणते पान पडून गेले हे ध्यानात ठेवले नाही तर हरलातच.

एक मात्र सांगते. मुलांशी खेळताना मुद्दाम हरू नका. मी एकदा हरले, तर मुलगा पट पुसून उठून गेला. आणि त्या खेळात पाढे घुसडू नका. मी तेही करून पाहिले. दुसऱ्या दिवशी ओटा रिकामा.

वही पुन्हा सुरू झाली का? लगेच नाही. पावसाळ्यात एक दिवस त्याने माझ्यापुढे कागद टाकला. चार हातांची, केस सुटलेली बाई. खाली लिहिले होते, ‘फाडमाय. ताकद १००. एका झटक्यात सगळी वही. उणीव : शेळ्यांचा डाव कळत नाही.’

तो कागद मी पोथीत ठेवला आहे. पट आज पुठ्ठ्यावर काढून आणला आहे, हळकुंडे पिशवीत आहेत. चहा होईपर्यंत ज्यांना बसायचे त्यांनी बसावे. शेळ्या मी घेईन.