उजेडाची रेघ
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषण येत नाही, हे मी चिटणीसबाईंना तीनदा सांगून पाहिले. त्या म्हणाल्या, "भाषण नको, फलकावर जे फोटो लावलेत ते कसे काढलेत तेवढे सांगा." तेवढे मला सांगता येईल. माझे शिक्षण सातवीपर्यंत. फोटोतले शास्त्र मला माझ्या धाकट्या मुलीने शिकवले. चुका मात्र माझ्या मीच केल्या.

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे रोज संध्याकाळी वीज जायची. अशाच एका अंधारात धाकटीने मोबाईल स्टुलावर उभा केला, मला उदबत्ती हातात दिली आणि म्हणाली, "आई, हवेत काहीतरी काढ." मी आपले स्वस्तिक काढले. फोन पाहते तो काळ्याभोर अंधारात तांबडे स्वस्तिक उमटलेले, आणि मी कुठेच नाही! मला जरा भीतीच वाटली.

त्यातली गोम अशी. एरवी फोटो काढताना कॅमेऱ्याचा डोळा पापणी लवण्याच्या आत उघडून मिटतो. तो दहा, वीस, तीस सेकंद उघडा ठेवला तर तेवढ्या वेळात जो उजेड जिथून जिथून फिरेल त्याची सगळी वाट एकाच चित्रात उमटते. माणूस अंधारात असेल आणि हलत असेल तर तो उमटत नाही. त्याच्या हातातला दिवा तेवढा उमटतो. दिव्याचे तोंड कॅमेऱ्याकडे केले की रेघ निघते. तोच दिवा कॅमेऱ्याकडे पाठ करून एखाद्या वस्तूवर फिरवला, तर रंगाच्या कुंचल्याने रंगवावी तशी ती वस्तू उजळते. फलकावरचा समईचा फोटो तसा काढला आहे. पितळेवर दिवा जास्त वेळ थांबला की तिथे पांढरा डाग पडतो, म्हणून हात सारवल्यासारखा सारखा फिरता हवा.

धाकटीने मग मोठमोठ्यांचे फोटो दाखवले. पिकासो नावाच्या जगप्रसिद्ध चित्रकाराने 1949 साली फ्रान्समध्ये हातात लहानसा दिवा घेऊन हवेत चित्रे काढली, आणि ग्योन मिली नावाच्या छायाचित्रकाराने ती टिपली. चित्रे छानच आहेत. पण खरे सांगू? मला त्यापेक्षा एका बाईची हकीकत जास्त लागली.

अमेरिकेत लिलियन गिलब्रेथ नावाची बाई होती. तिला बारा मुले. तिचा नवरा फ्रँक हा आधी गवंडीकाम केलेला. विटा रचताना गवंडी अठरा वेळा हात हलवतो, ते पाच वेळांच्या आत आणता येते, हे त्याने दाखवले होते. पुढे 1914 च्या सुमारास ही नवराबायको कामगारांच्या बोटाला लहानसा विजेचा दिवा बांधून असेच फोटो काढीत. दिवा मुद्दाम लुकलुकता ठेवीत, म्हणजे रेघ ठिपक्याठिपक्यांची येई. ठिपके जवळजवळ असले की हात सावकाश चालला, लांब असले की भरभर. त्या रेघा पाहून ते तारेचे नमुने वाकवीत आणि हात कुठे फुकट फिरतो ते कामगाराला दाखवीत. 1924 साली नवरा वारला. बाई शिकलेली, डॉक्टरेट झालेली, पण कारखानदार एकट्या बाईला काम देईनात. तेव्हा तिने तेच शास्त्र स्वयंपाकघराला लावले. ओटा, शेगडी, भांडी कुठे असावीत म्हणजे बाईची पावले वाचतील याचा अभ्यास केला. गंमत अशी की, ही बाई स्वतः स्वयंपाक फारसा करीत नसे म्हणतात. बारा मुलांचे पाहून आणखी काय काय करायचे तिने!

हे ऐकल्यावर मला राहवेना. भगिनींनो, माझा उजवा खांदा दोन वर्षे दुखत होता. डॉक्टरांनी व्यायाम दिला होता. घरात सांगितले तर उत्तर मिळे, "घरच्या घरी असतेस, एवढे काय उचलावे लागते?" हे ऐकणाऱ्या इथे माझ्यासारख्या आणखीही असतील.

एका रात्री किल्लीच्या जुडग्याला असतो तो एवढासा दिवा मी रिबिनीने उजव्या मनगटावर बांधला. ओट्यासमोरच्या खिडकीत, गजांना टेकवून फोन ठेवला आणि स्वयंपाकघरातला दिवा घालवून पोळ्यांना बसले, म्हणजे उभी राहिले. अंधारात पोळ्या कशा, असे विचाराल. पंचवीस वर्षांत हाताला डोळे येतात. पहिला फोटो सगळा गॅसच्या उजेडाने निळा होऊन गेला. मग मुलीने आयएसओ म्हणून जे असते ते 50 वर आणले. तिसऱ्या फोटोत जमले.

त्या फोटोत तीस सेकंदांचे काम आहे. एक पोळी लाटली, आधीची भाजलेली डब्यात टाकली, एवढेच. पण रेघ पाहा. पोळपाटावर लोकरीचा गुंडा सुटावा तशी गुंतवळ, ती ठीक. त्यातून मात्र एक रेघ उंटाच्या पाठीसारखी उंच उठते, गॅसवरून पलीकडे जाते आणि तशीच परत येते. माझा पोळ्यांचा डबा गॅसच्या पलीकडे डाव्या हाताला भिंतीशी होता. दर पोळीला मी उजवा हात जाळावरून पार नेत होते. सकाळच्या वीस पोळ्या, म्हणजे वीसदा जाणे, वीसदा येणे. संध्याकाळच्या वेगळ्या.

मी तो फोटो यांच्यासमोर ठेवला. हे बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "रोज?" मी म्हटले, "रोज." त्यावर काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी पोळपाट आणि गॅसच्या मध्ये डब्यापुरती जागा यांनीच करून दिली. नंतरचा फोटो शेजारी लावला आहे; त्यात उंट नाही. खांदा बरा झाला असे मी म्हणणार नाही, व्यायाम चालूच आहे. पण पोळ्या संपल्यावर हात धरून बसावे लागत नाही.

आता कुणाला करून पाहायचे असेल तर थोडे सांगते. फोनमध्ये "प्रो" असे लिहिलेले असते तिथे वेळ वाढवता येते. काही फोनांत ती सोय नसते, त्यांना वेगळे ॲप घ्यावे लागते. फोन हातात धरू नये, डब्याला टेकवावा. बटण दाबतानाही तो हलतो, म्हणून टायमर लावावा. अंधारात कॅमेऱ्याला नीट दिसत नाही, तेव्हा आधी दिवा लावून जागा स्पष्ट करून घ्यावी आणि मग दिवा घालवावा. कपडे गडद हवेत. रंग हवा तर बॅटरीच्या तोंडाला पतंगाचा कागद लावावा. अक्षरे लिहायची तर एक अक्षर झाले की दिव्यावर तळहात धरावा, नाहीतर सगळी अक्षरे एकमेकांत अडकतात. उदबत्ती घेऊन पदर मोकळा सोडू नये. माझ्या नव्या साडीला भोक पडले आहे. लोखंडाच्या बारीक तारांचा बोळा पेटवून फिरवणाऱ्यांचे फोटो पाहाल, ते मात्र घरात चुकूनही करू नका.

डब्याची एक गोष्ट राहिली. तो तिथे मी ठेवला नव्हता. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तो तिथेच होता. डबा हलवला तेव्हा सासूबाई रागावतील असे वाटले होते. त्यांनी फोटो हातात घेतला आणि हसायलाच लागल्या. "अगं, मी डावरी! माझ्या हाताला तो जवळ पडायचा. तू का नाही हलवलास?" जेवताना त्या उजवा हात वापरतात, लिहितातही उजव्यानेच. शाळेत डाव्या हातावर छड्या खाऊन ते वळण लागले, हे मला इतक्या वर्षांनी त्या दिवशी कळले.

मग त्या म्हणाल्या, "दे तो दिवा." कॅमेऱ्याकडे तोंड करून आपण लिहिले तर फोटोत अक्षर उलटे येते, आरशात येते तसे. हे त्यांना सांगायचे राहून गेले. त्यांनी दिवा डाव्या हातात घेतला आणि उजवीकडून डावीकडे, सगळे उलटे, पण न अडखळता "श्री" काढला. फोटोत तो सरळ आला. फलकावर वरच्या रांगेत उजवीकडचा पहिला, तो त्यांचा. शेवटची वेलांटी जरा पुसट आहे, कारण तेवढ्यात वीज आली.