पगार सोडून ड्रोनमध्ये?

भोरच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "पोरगी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. आता ड्रोनमध्ये जाते म्हणते. एवढं शिकून फवारणी करणार का?" प्रश्न रास्त आहे. तिच्या पगारावर घराचा हप्ता चालतो.

ताई, ते काम वेगळं. नमो ड्रोन दीदी योजनेत गटातली बाई १५ दिवसांचं प्रशिक्षण घेऊन ड्रोन उडवते. तुमच्या पोरीला ड्रोनचं डोकं घडवायचंय. कुणी न चालवता त्यानं वाट कशी धरायची, झाड आलं तर कसं थांबायचं, बॅटरी उतरली की माघारी कसं यायचं, हे सगळं प्रोग्रामनं ठरतं.

आपल्या वेल्ह्याचंच बघा. उतारावर भाताची खाचरं, एकाखाली एक. साधा ड्रोन हवेच्या दाबावरून उंची मोजतो, तीही जिथून उडाला तिथपासूनची. तो वरच्या खाचराकडे निघाला की जमीन जवळ येत जाते, त्याला वाटतं आपण तेवढ्याच उंचीवर आहोत. मग बांधावर धडक! म्हणून खालचं अंतर मोजणारं रडार बसवतात, आणि त्या मापानं वरखाली हो, हे प्रोग्राममध्ये लिहितात. इथं तिचं शिक्षण कामी येतं. वारा, मोटर, पात्यांची थरथर मात्र नव्यानं शिकावी लागेल. ऑफिसातला प्रोग्राम चुकला तर दुरुस्त करून परत चालवतात. इथं वीसेक किलोचं यंत्र कुणाच्या डोक्यावर येईल.

धंदा पोकळ नाही, पण सावकाश चालतो. 'थ्री इडियट्स' सिनेमातला ड्रोन आठवतो? तो आयडियाफोर्जचा. आयआयटी मुंबईत शिकलेल्या मुलांनी २००७ साली काढलेली ही कंपनी शेअर बाजारात आली २०२३ मध्ये.

राजीनाम्याची घाई नको, असं माझं मत. 'आर्डुपायलट' नावाचा ड्रोनचा प्रोग्राम फुकट मिळतो. त्यात संगणकाच्या पडद्यावरच ड्रोन उडवून बघता येतो, पडला तरी काही फुटत नाही. सहा महिने सुट्टीच्या दिवशी तेवढं करू दे. दरम्यान नव्या कामात सुरुवातीला पगार किती मिळेल आणि तोवर हप्ता कोण भरेल, हे कागदावर मांडा. पोरीसमोर बसून मांडा हं, तिच्या पाठीमागे नको.

आणि ज्यांना स्वतः ड्रोन उडवायचाय, त्यांनी दहावीचं मार्कशीट शोधून ठेवा. पायलटच्या प्रमाणपत्राला ते लागतं.